फोन कुणाच्या नावे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या खिशातला फोन महसुली कामाचे साधन बनला. शेतात काय पेरले आहे याची नोंद त्याआधी तलाठी करायचे. आता शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून ॲप उघडायचे, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि जीपीएसने जागा पटली की माहिती वर पाठवायची. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज, विमा, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची मदत अशा प्रत्येक वेळी तीच काढून पाहिली जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धाराशिव जिल्ह्यात पाचांतले चार जण खेड्यात राहतात आणि खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन दिसते. याच जिल्ह्यात २०२० च्या खरिपात हाताशी आलेले सोयाबीन पावसाने गेले, आणि नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत कळवली नाही या कारणावरून लाखो शेतकऱ्यांचा विमा अडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पण मुदतीत कळवण्याची अट पुढेही राहिली, आणि कळवण्याचा जवळचा मार्ग फोनच राहिला. कोर्टात जिंकलेली बाजू पुढच्या हंगामात हँग झालेल्या फोनवर हरता येते.

या पुस्तिकेचा विषय आहे जुन्या अँड्रॉइड फोनचे मूळ कुलूप काढून त्यात दुसरी कार्यप्रणाली बसवणे. हा विषय आजवर कॉलेजच्या पोरांचा उद्योग म्हणून बाजूला टाकला गेला. तो तसा सुरू झाला हेही खरे. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जे यंत्र बाळगणे शासनाने आणि बँकांनी जवळजवळ सक्तीचे करून टाकले, ते किती वर्षे चालावे हे बनवणाऱ्या कंपनीने एकटीने ठरवू नये. ते ठरवण्याची सोय मालकाकडे असली पाहिजे. सातबारा ज्याच्या नावे, त्या रानात काय पेरायचे हे तो ठरवतो. फोनची पावती आपल्या नावे असते, पण आत काय चालायचे याचा शेवटचा शब्द दुसऱ्याचा असतो. ही सोय मिळाली म्हणजे सगळे प्रश्न मिटतील, असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्यांतल्या काही मुद्दाम घातलेल्या आहेत. प्रस्तावनेचा बराचसा भाग मी त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे.

आधी फोन म्हातारा होतो म्हणजे काय होते ते पाहू. काच फुटली तर कॉम्बो बदलून मिळतो, बॅटरी फुगली तर नवी बसते, चार्जिंगचा जॅक सैल झाला तर कळंब, उमरगा, तुळजापूर कुठल्याही बाजारात तासाभरात काम होते. आतल्या प्रणालीला असा कारागीर नाही. प्रोसेसर बनवणारी कंपनी काही वर्षांनी त्या चिपसाठीचे सॉफ्टवेअर सुधारणे थांबवते, मग फोनची कंपनी थांबते, मग ॲप बनवणारे जुन्या अँड्रॉइडकडे पाठ फिरवतात. रेडमी नोट ४ हे याचे चांगले उदाहरण आहे. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला, ९,९९९ रुपयांपासून मिळणारा हा फोन त्या वर्षी देशात सर्वाधिक खपलेल्या फोनांपैकी एक होता. विकताना त्यात अँड्रॉइड ६ होते. कंपनीने ते ७ वर नेले आणि तिथेच सोडले. वरचा रंगरंगोटीचा थर पुढे बदलत राहिला, पाया सातचाच. प्रोसेसर दमला नव्हता. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी याच फोनवर अँड्रॉइडच्या नंतरच्या कितीतरी आवृत्त्या चालवून दाखवल्या, यावरूनच ते कळते.

पाया जुना राहिला तर काय बिघडते, याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. संकेतस्थळ खरे आहे की तोतया, हे फोन प्रमाणपत्रे तपासून ठरवतो, आणि कुणाच्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवायचा याची यादी फोनच्या प्रणालीतच कोरलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रे जगभरातल्या कोट्यवधी संकेतस्थळांना फुकट देते. तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या फोनांनाच ओळखीचे होते. त्याआधीचे फोन दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या प्रमाणपत्राच्या आधारे तिला ओळखायचे आणि ते जुने प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होते. वापरातल्या अँड्रॉइड फोनांपैकी सुमारे एक तृतीयांश फोन यामुळे अडचणीत येतील, असे संस्थेनेच २०२० मध्ये सांगितले. शेवटी एक तडजोड निघाली आणि मरण २०२४ पर्यंत पुढे गेले. यात फोनचा एकही भाग झिजला नव्हता. यादीत एक ओळ घालायची होती आणि ती घालण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याला त्या फोनात आता रस उरला नव्हता.

ती ओळ दुसऱ्या कुणाला घालता येते का? येते, कारण अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. गूगल त्याचा मूळ कोड अपाची परवान्याखाली प्रसिद्ध करते. त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे आणि तो जीपीएल परवान्याखाली असल्याने फोन विकणाऱ्याने आपल्या कर्नलचा कोड मागणाऱ्याला देणे बंधनकारक आहे. (बंधन कागदावर कडक आहे. पाळण्याच्या बाबतीत कंपन्या निवांत असतात.) या सामग्रीतून २००९ च्या सुमारास सायनोजेनमॉड ही पर्यायी प्रणाली उभी राहिली. मराठी वाचकाला हे नाव परके वाटेल, पण त्याची एक आवृत्ती आपल्या बाजारात राजरोस विकली गेली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सने यू युरेका हा फोन सायनोजेनची प्रणाली घालून आणला आणि भारतात हा हक्क आपल्याला एकट्याला मिळाला आहे, असे म्हणत वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. म्हणजे पर्यायी प्रणालीवरून दोन बड्या कंपन्या आपल्याच देशात कोर्टात भांडल्या आहेत. सायनोजेन कंपनीने २०१६ च्या अखेरीस या प्रणालीचे काम बंद केले. कोड खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलून लिनिएजओएस या नावाने काम चालू ठेवले, आणि आज जुन्या फोनांसाठी पहिला पर्याय तोच आहे. त्याच कोडावर /ई/ओएस उभे आहे, ज्यातून गूगलच्या सेवा काढून टाकलेल्या असतात. ग्राफीनओएसचे नाव सुरक्षिततेसाठी घेतले जाते, पण ते फक्त गूगलच्या पिक्सेल फोनांवर चालते. आपल्या बाजारातल्या जुन्या फोनांशी त्याचा संबंध नाही.

मराठी माणसाला या उद्योगाची गरज पहिल्यांदा भासली ती मात्र वेग किंवा सुरक्षिततेसाठी नव्हे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच फोनांवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसायच्या. ऑपेरा मिनीमध्ये एक आडबाजूची सेटिंग बदलली की मजकूर चित्राच्या रूपात यायचा आणि वाचता यायचा. एसएमएस आणि बाकीची ॲप्स तशीच चौकोनी. मग लोक फोन रूट करून, म्हणजे प्रणालीच्या बंद भागात लिहिण्याचा अधिकार मिळवून, तिथे देवनागरी फॉन्टची फाइल टाकू लागले. अक्षरे उमटली, पण ती जुळवणारी यंत्रणा आत नव्हती: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहायची. तरी चौकोनांपेक्षा ते बरे होते. आपली लिपी आपल्या फोनवर वाचण्यासाठी फोनचे कुलूप तोडावे लागत होते, हा इतिहास फार जुना नाही आणि मराठीत तो फारसा कुणी लिहूनही ठेवलेला नाही.

कुलूप काढणे म्हणजे नेमके काय, हेही इथेच सांगून टाकतो, कारण दुकानात ‘अनलॉक’ म्हटले की समोरच्याला पॅटर्न विसरलेला फोन किंवा गूगलचे जुने खाते मागणारा फोन आठवतो. त्याच्याशी या पुस्तिकेचा संबंध नाही. फोन चालू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. पुढे येणाऱ्या प्रणालीवर कंपनीची सही आहे का, हे तो बघतो आणि नसेल तर तिला सुरूच होऊ देत नाही. ही तपासणी बंद करणे म्हणजे बूटलोडर उघडणे. ज्या कंपन्या हे करू देतात त्यांच्या फोनांत सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचे, फोन बंद करून आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवरचे बटण एकत्र धरायचे. रेडमीत या टप्प्यावर पडद्यावर कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या हिरव्या बाहुल्याची दुरुस्ती करताना दिसतो. मग केबलने संगणकाला जोडून आज्ञा द्यायची. त्या आज्ञेसरशी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि तो पुसला जाणे योग्यच आहे. नाहीतर चोराने तुमचा फोन उघडून तुमचे फोटो वाचले असते. यापुढे फोन दर वेळी सुरू होताना आधी इशारा दाखवतो, की या यंत्राची खात्री आता कंपनी देत नाही.

रेडमी बनवणारी शाओमी कुलूप उघडू देण्याआधी खाते जोडून कित्येक दिवस थांबायला लावते आणि अलीकडे अटी आणखी आवळल्या आहेत. हुआवेने कुलूप उघडण्याचे कोड देणे २०१८ मध्येच बंद केले. विवो आणि ओप्पोच्या बहुतेक फोनांत हा दरवाजाच नाही. सॅमसंगच्या फोनमध्ये कुलूप काढून बाहेरची प्रणाली चालवली की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो आणि नॉक्स या कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेच्या आधारे चालणाऱ्या सोयी पुन्हा मिळत नाहीत. तेव्हा ‘कुठल्याही फोनला नवे सॉफ्टवेअर मारता येते’ हे बाजारातले बोलणे चुकीचे आहे. आपल्या फोनचे सांकेतिक नाव पर्यायी प्रणालीच्या यादीत आहे का, हे आधी बघायचे. रेडमी नोट ४ चे ‘मिडो’, तसे प्रत्येक मॉडेलचे असते. नाव यादीत नसेल तर तो फोन तसाच वापरावा. नावात थोडा फरक असलेल्या मॉडेलची फाइल टाकून बघण्याच्या हौसेने अनेक फोन कायमचे डेड झाले आहेत.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला सुरक्षिततेचा. कुलूप काढलेला फोन कुणाच्या हाती लागला तर तो आत लबाड प्रणाली घालून तुम्हाला परत देऊ शकतो, हे खरे आहे आणि पर्यायी प्रणालीचे जाणकारही ते नाकारत नाहीत. शिवाय लिनिएजओएस अँड्रॉइडच्या त्रुटी बुजवू शकते; मोडेम आणि चिपच्या आतले बंद सॉफ्टवेअर मात्र कंपनीने सोडले तिथेच राहते. पण तुलना कशाशी करायची? जुना फोन जसाच्या तसा ठेवला तर त्याच्याही त्रुटी उघड्याच असतात. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी सापडली, तेव्हा नुसत्या एका खास बनवलेल्या एमएमएसने फोन ताब्यात घेता येत होता. ज्यांना अपडेट मिळाले ते वाचले. ज्या फोनांचा कंपनीने हात सोडला होता ते तसेच उघडे राहिले. धाराशिवच्या शेतकऱ्याचा फोन कुणी हेर चोरून त्यात नवी प्रणाली घालेल, ही शक्यता किती आणि फसव्या लिंकमधून आलेले ॲप जुन्या अँड्रॉइडच्या भोकातून आत शिरेल, ही किती? माझ्या मते दुसरा धोका रोजचा आहे. पत्रकार, वकील, चळवळीतले कार्यकर्ते यांचा हिशेब वेगळा निघेल आणि त्यांनी जुन्या फोनच्या भानगडीत पडू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बँकेची ॲप्स चालत नाहीत. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही व्यवस्था ॲपला कळवते की फोन गूगलने प्रमाणित केलेल्या अवस्थेत आहे की नाही. बूटलोडर उघडा दिसला की अनेक बँका आणि पेमेंटची ॲप्स उघडायलाच नकार देतात. यावर नाना क्लृप्त्या निघतात आणि दर काही महिन्यांनी बंद पडतात. घरातला एकमेव फोन त्यांच्या भरवशावर ठेवणे वेडेपणाचे आहे, हे मी स्पष्ट सांगतो. पण या तपासणीत नेमके काय तपासले जाते? वर्षानुवर्षे एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला पण कुलूप शाबूत असलेला जुना फोन तिच्यातून बहुधा पार होतो, आणि गेल्या महिन्याचे अपडेट असलेला लिनिएजओएसचा फोन नापास होतो. ही सुरक्षिततेची परीक्षा म्हणायची की गूगलच्या मान्यतेची? २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन कंपन्यांना अँड्रॉइडच्या वेगळ्या शाखा बाजारात आणू न देणारे करार हा त्या आदेशातला एक ठळक मुद्दा होता. करारांवर बोट ठेवले गेले. पण ज्या तपासणीमुळे अशा शाखा रोजच्या व्यवहारात निरुपयोगी ठरतात, ती आपल्या बँकांनी स्वतःहून पत्करलेली आहे. तिच्याऐवजी फोनची खरी अवस्था पाहणारी दुसरी कसोटी लावणे त्यांच्या हातात आहे. तोवर पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर करावेत, किंवा *९९# सारखी साध्या फोनवरही चालणारी सेवा वापरावी.

याच रांगेत एक खास आपल्याकडची अडचण आहे आणि परदेशी मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले ते निव्वळ फोर-जीवर. तिथे बोलणेही व्होल्टीतूनच, म्हणजे फोर-जीवरूनच, होते. टू-जी किंवा थ्री-जीचा आधार मागे नाही. पर्यायी प्रणालीत व्होल्टीचा भाग नीट बसला नाही तर इंटरनेट चालते आणि कॉल लागत नाही. म्हणून पुढे प्रत्येक फोनच्या माहितीत ‘व्होल्टी चालते का’ हा रकाना पहिला ठेवला आहे. दुसरी खबरदारी कायद्याची. स्वतःच्या फोनचे बूटलोडर उघडणे आपल्याकडे गुन्हा नाही. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चुकीच्या फाइलमुळे तो क्रमांक पुसला जाण्याचे प्रकार घडतात, तेव्हा त्या भागाची प्रत आधी काढून ठेवावी. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: सात-आठ हजारांत नवा फोन येतो, एवढा खटाटोप कशाला? ज्याला ते सात-आठ हजार सहज निघतात त्याने नवा घ्यावा, माझे काही म्हणणे नाही. पण हा हिशेब एका माणसाचा आहे. संस्थेचा हिशेब केला की चित्र बदलते, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. राज्यातल्या एक लाखाहून अधिक अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये शासनाने पॅनासोनिकचे २ जीबी रॅमचे फोन दिले. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले आणि ते या फोनांना पेलेना. फोन तापायचे, हँग व्हायचे, जागा पुरायची नाही. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून, आणि वर ॲपमधल्या नोंदी इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी गावोगावच्या प्रकल्प कार्यालयांत हे फोन परत नेऊन ठेवले. सेविकांच्या २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे शासनाला मान्य करावे लागले. गरोदर बायकांच्या आणि कुपोषित मुलांच्या नोंदी ज्या यंत्रावर अवलंबून होत्या, ते यंत्र दोन वर्षांत बाद झाले.

इथे कुणी विचारेल, की मग पर्यायी प्रणालीने ते फोन वाचले असते का? प्रामाणिक उत्तर आहे: बहुधा नाही. लिनिएजओएसच्या यादीत ते मॉडेल नव्हतेच, आणि २ जीबी रॅम कुठल्याही प्रणालीने ४ होत नाही. फालतू ॲप्स काढलेली हलकी प्रणाली थोडा श्वास देते, एवढेच. पण ते मॉडेल यादीत का नव्हते, याचे उत्तर महत्त्वाचे आहे. कमी खपलेल्या फोनवर वेळ घालवायला स्वयंसेवक मिळत नाहीत आणि चिपचा कोड हाती नसेल तर मिळूनही उपयोग नसतो. शासनाला मात्र स्वयंसेवकांची वाट पाहायची गरज नव्हती. एक लाखाहून अधिक फोन एकगठ्ठा विकत घेणारा गिऱ्हाईक निविदेत अटी घालू शकतो: बूटलोडर उघडता आला पाहिजे, कर्नलचा कोड सुपूर्द झाला पाहिजे, सुरक्षा अपडेट अमुक वर्षे मिळाली पाहिजेत, आणि ती थांबली तर ती देण्याचा अधिकार खरेदीदाराकडे आला पाहिजे. केरळने शाळांच्या संगणकांबाबत असे धोरण ठेवले. तिथल्या काइट या सरकारी संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेली स्वतःची प्रणाली बांधली आणि राज्यभरच्या शाळांत तीच चालते. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांना, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळण्याचा नियमच केला आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि पोर्टलही काढले. त्यात सॉफ्टवेअरची दुरुस्ती अजून कोपऱ्यातच आहे.

पुढच्या पानांत ज्या फोनांची माहिती दिली आहे ते सगळे मराठवाड्याच्या बाजारात भरपूर विकले गेलेले आहेत आणि त्यांचे कुलूप अधिकृतपणे उघडता येते. ई-पीक पाहणीला लागणारा कॅमेरा आणि जीपीएस नव्या प्रणालीवर नीट चालतात का, हे प्रत्येकाच्या माहितीत वेगळे नोंदवले आहे. सुरुवात करणाऱ्याने घरातला वापरात नसलेला फोन घ्यावा, बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, वीज जाण्याचा संभव असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप वापरावा, आणि पेरणीच्या किंवा नोंदणीची मुदत संपण्याच्या आठवड्यात हे काम काढू नये.